डावीकडून वाढायचं

आप्पांनी काळी ट्रंक ओसरीच्या मधोमध ओढली, तिच्या चारी कोपऱ्यांखाली विटा सरकवल्या, वर आपलं धुवट धोतर चौघडी करून अंथरलं आणि मला म्हणाले, “बस.”

मी अर्धी चड्डी आणि कॅनव्हासचे बूट घालून पळायला तयार उभा. आदल्या दिवशी आप्पांनीच सांगितलं होतं, उद्यापासनं तुझी तयारी मी करून घेणार. मला वाटलं, आता आपलं काही खरं नाही. माळावरच्या देवळापर्यंत पाच फेऱ्या, मग बैठका, मग दोरावरनं चढणं. मनाची सगळी तयारी करून आलो तर समोर हे असं. ग्रामपंचायतीची लोखंडी घडीची खुर्चीसुद्धा मागून आणलेली.

बसलो. आप्पांनी कोनाड्यातून लाल फडक्याची गुंडाळी काढली. ती मी लहानपणापासून बघत आलो होतो, पण हात लावायची सोय नव्हती. आत काय असेल याबद्दल माझे अंदाज फार मोठे होते, शत्रूच्या अधिकाऱ्याचं पिस्तूल वगैरे. त्यातून निघाले दोन काटे, दोन सुऱ्या आणि तीन चमचे.

“ह्यातला सुपाचा चमचा कुठला?” आप्पांनी विचारलं.

आता काय सांगायचं? आमच्या घरात तोवर चमचा एकच माहीत होता आणि तो तेलाच्या बरणीत असायचा.

झालं होतं असं, की आदल्या दिवशी भोपाळहून पत्र आलं होतं. एनडीएची लेखी परीक्षा मी पास झालो होतो आणि नऊ फेब्रुवारीला मुलाखतीला बोलावलं होतं. मुलाखत म्हणजे पाच दिवसांचं काम. तिथंच राहायचं, लिहायचं, धावायचं, बोलायचं आणि शेवटी साहेब लोक ठरवणार, की हा पोरगा अधिकारी व्हायच्या लायकीचा आहे की नाही. साल एक्क्याण्णव. मी बारावीत होतो. आमचं पांढरमाळ म्हणजे खटाव तालुक्यातलं कोरडं ठाक गाव, घरटी एक माणूस फौजेत. पण गेले ते सगळे शिपाई म्हणून. साहेब म्हणून आजवर एकही गेला नव्हता. त्यामुळे पत्र माझ्या नावाचं असलं तरी ते सगळ्या गावानं वाचलं. पोस्टमननं तर पारावरच फोडलं होतं.

आणि मला साहेब व्हायचंच होतं. का, तर आप्पांमुळे. माझे वडील ज्ञानदेव फडतरे बावीस वर्षं फौजेत काढून आले होते. गावात त्यांना सगळे सुभेदार म्हणायचे. आले होते ते नाईक म्हणून, पण गावाला कुणाला मान द्यायचा झाला की गाव हात आखडता घेत नाही. दर सव्वीस जानेवारीला शाळेत सरपंचांच्या शेजारची खुर्ची आप्पांची. छातीवर एकाहत्तरच्या लढाईचं पदक. बोलायला सांगितलं की उठून दोनच वाक्यं बोलायचे, “देशापेक्षा मोठं काही न्हाई. पोरांनी शिकावं,” आणि बसायचे. लोक म्हणायचे, खरा लढलेला माणूस बोलत नाही बघा.

तर त्या दिवसापासून आमची तयारी सुरू झाली. रोज सकाळी आणि दिवेलागणीला मी खुर्चीवर ताठ बसायचो आणि आप्पा खांद्यावर पंचा टाकून माझ्या मागं उभे राहायचे. काटा डाव्या हातात. सुरी उजव्या. सुपाचा चमचा आपल्यापासून लांब न्यायचा, मग तोंडाकडं आणायचा. आमच्याकडे सूप म्हणजे मटकीच्या आमटीचं पाणी. भाकरीला काटा टोचला की ती सुरीखालनं निसटून थेट चुलीकडं जायची. आमची म्हैस तेवढी गंभीर चेहऱ्यानं बघत असायची. बाकी येणारा-जाणारा ओसरीपाशी थांबून हसून जायचा.

आई म्हणाली, “पोरगं लढाईला निघालंय का पंगतीला?”

आप्पांचं म्हणणं, तिथं पहिल्याच जेवणाला कळतं कोण कुठला ते. साहेब व्हायचं तर साहेबासारखं खाता आलं पाहिजे. पळायला काय, गाढवही पळतं.

आप्पा वाढायचे ते डावीकडून. ताट उचलायचे ते उजवीकडून. ताट धरताना अंगठा कधी आतल्या काठाला लागायचा नाही, आणि समोर ठेवायच्या आधी काठावरून पंच्याचं टोक फिरवायचे. मला एवढंच सांगायचे, की वाढणारा आला तर अंग चोरायचं नाही, हात मधे घालायचा नाही, आणि मागं वळून बघायचं नाही. “साहेब वाढणाऱ्याकडं बगत न्हाईत. समोर बगत्यात.” मी विचारलं, तुम्हाला हे सगळं कसं माहीत? तर म्हणाले, जवळनं बघितलंय. मी मनात म्हटलं, बघा, साहेब लोक आप्पांना शेजारी घेऊन जेवायचे.

खरी तयारी, म्हणजे मला जी खरी वाटायची ती, चालली होती शिकलगार सरांकडे. शिकलगार सर आमच्या हायस्कूलला इंग्रजी शिकवायचे. उंच, सडपातळ, लुनावर बसले की गुडघे हँडलला लागायचे. त्यांनी कुठून तरी मुलाखतीच्या प्रश्नांचं पुस्तक मिळवलं होतं आणि शाळा सुटल्यावर मला समोर उभं करून ते फैरी झाडायचे. पहिला प्रश्न ठरलेला, तुला अधिकारी का व्हायचंय? त्याचं उत्तर आम्ही दोघांनी मिळून तयार केलं होतं. इंग्रजीत, सतरा ओळींचं. माझे वडील एकाहत्तरच्या युद्धात लढले. त्यांनी चार साथीदारांसह शत्रूचं बंकर काबीज केलं. गोळ्यांच्या वर्षावात ते सरपटत पुढे गेले. मला त्यांच्या पावलावर पाऊल टाकायचं आहे. बंकर कुठून आलं विचाराल तर सरांनी घातलं. सर म्हणाले, लढाईत बंकर असतंच, आणि उत्तराला थोडा मसाला लागतो. गोळ्यांचा वर्षाव माझा.

सव्वीस जानेवारीला सरांनी हे उत्तर मला झेंड्यापुढं भाषण म्हणून म्हणायला लावलं. सवय व्हावी म्हणून. ग्रामपंचायतीची खुर्ची सकाळीच आमच्या ओसरीवरून शाळेत गेली होती आणि तिच्यावर आप्पा बसले होते. मी सतरा ओळी न अडखळता म्हटल्या. इंग्रजी कुणाला कळलं नाही, म्हणून सरांनी माइक घेऊन मराठीत सांगितलं, आणि सांगता सांगता चारच्या जागी दोन साथीदार केले, म्हणजे आप्पांच्या वाट्याला जास्त शत्रू आले. टाळ्या थांबेनात. सरपंचांनी उठून आप्पांच्या गळ्यात हार घातला. आप्पा समोर बघत बसले होते. मला वाटलं, अभिमानानं त्यांना बोलवत नाही.

त्या दुपारी त्यांनी मला रानात बोलावलं. ज्वारी हुरड्याला आली होती आणि ते पिकातल्या लाकडी माळ्यावर गोफण घेऊन पाखरं हाकत होते. मी वर चढून शेजारी बसलो. त्यांनी दोन-तीन खडे भिरकावले, मग गोफण मांडीवर ठेवली.

“बंकरचं तुला कुणी सांगितलं?”

मी सांगितलं, सरांनी आणि मी मिळून केलंय.

“बंकरात मी गेलतो,” आप्पा म्हणाले. “डबा घिऊन.”

मला काही उमजेना. ते माझ्याकडं न बघता बोलत राहिले.

“हणमा, मी वेटर होतो. साहेब लोकांच्या मेसमध्ये. बावीस वर्सं वाढप केलं. बंदूक चालवली ती ट्रेनिंगात, मंग न्हाई.”

“आणि ते पदक?”

“तितं व्हते त्या समद्यांना मिळालं. आमच्या धोब्यालाबी.”

पाखरं परत कणसांवर बसली. त्यांनी हाकलली नाहीत. म्हणाले, गावानं मला सुभेदार केलं, मी नाही म्हटलं नाही. पहिल्या वर्षी लाजलो, दुसऱ्या वर्षी उशीर झाला होता. आता सांगतोय कशापायी, तर तू भोपाळात हे बोलशील. ती माणसं जन्मभर माणसं पारखत आलेली. पलटन कुठली, बंकर कुठलं, असा एक सवाल टाकला की उघडा पडशील. माझ्यापायी तुझं जायला नको.

“फॉर्मात बापाचा धंदा इचारतील, शेती लिव,” ते म्हणाले. “त्यात खोटं काय न्हाई. आन गावात बोलू नगंस. तुझ्या आईला तर मुळीच न्हाई.”

मला लाज वाटली. आज हे सांगायला जड जातं, बत्तीस वर्षं वर्दी घालून घरी आलोय म्हणून तर जास्तच. पण तेव्हा लाजच वाटली. सबंध हायस्कूलपुढं मी गोळ्यांचा वर्षाव करून बसलो होतो. आणि राग आला तो वेगळाच, की ती ट्रंक, ते काटे, तो खांद्यावरचा पंचा, हा सगळा पोरखेळ एका वाढप्यानं मांडलेला होता आणि मी त्यालाच साहेबी शिक्षण समजत होतो. मी माळ्यावरून उतरलो आणि तडक घरी आलो.

दोन दिवस मी ट्रंकेपुढं बसलो नाही. चुलीपुढं पाटावर बसून हातानं जेवायचो आणि उठायचो. आप्पा रोज ट्रंक मांडायचे, जरा वेळ थांबायचे, मग धोतराची घडी करून ठेवायचे.

तिसऱ्या दिवशी आई भाकऱ्या थापत होती. माझ्याकडं न बघता म्हणाली, “वेटर व्हते म्हणून फुगलायस व्हय?”

माझ्या हातातला घास खाली पडायचा राहिला. म्हटलं, तुला कुणी सांगितलं?

कुणी कशाला सांगायला पाहिजे, ती म्हणाली, रानातनं आलास ते तोंड बघूनच कळलं तुला सांगितलंय, आणि मला तर पहिल्यापासनं ठाऊक. लग्न झाल्यावर आप्पा पहिल्या रजेला आले तेव्हा ती तापानं फणफणली होती. सासू माहेरी गेलेली. तर आप्पांनी भात शिजवला आणि तिला वाढला. “डाव्या अंगानं आले. अंगठा लागू दिला न्हाई. ताटाचा काठ फडक्यानं पुसला आन मंग म्होरं ठिवलं. बंदूक धरणारा माणूस असा वाढतो व्हय रं? तवाच वळखलं म्या.”

“मग एवढी वर्षं बोलली का नाहीस?”

“त्यांनी झाकलंय ते माझ्यापासनं. मी कशाला उघडं पाडू?” तिनं भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं. “आन माझं काय वाईट झालं? आजारी पडलं की हाती ताट देणारा नवरा हाय मला. तुझ्या त्या सरपंचाच्या बायकूला इचार, तिला कधी पाण्याचा तांब्या तरी मिळाला का.” मग म्हणाली, “स्वतःची अब्रू काढून तुझ्या हातात दिली त्यांनी. आन तू पाटावर बसून ज्येवतोय.”

दिवेलागणीला मी स्वतः ट्रंक ओढली. विटा लावल्या. खुर्ची शाळेतच राहिली होती म्हणून ज्वारीचं पोतं आडवं केलं. आप्पा रानातून आले, बघितलं, हातपाय धुतले आणि पंचा खांद्यावर टाकून मागं येऊन उभे राहिले. आई तोंडाला पदर लावून चुलीत फुंकत बसली.

तिथून पुढचे आठ दिवस माझ्या आयुष्यातले फार चांगले दिवस होते. आता झाकण्यासारखं काही उरलं नव्हतं, त्यामुळे आप्पा बोलायला लागले. एरवी दोन वाक्यांचा माणूस. मी समोर बघत जेवायचो आणि मागून त्यांचा आवाज यायचा. आईपासून लपवायचं म्हणून हळू आवाजात बोलायचे, आणि आई चुलीपुढून सगळं ऐकायची.

मी विचारलं, साहेब लोक दिसायला कसे असायचे? तर म्हणाले, तोंडं आठवत नाहीत. “आमी कायम मागं. मला माना याद हायत.” बावीस वर्षांत त्यांनी किती माना पाहिल्या असतील. कुणाला घरनं वाईट पत्र आलंय, कुणाचं कुणाशी बिनसलंय, कोण थापा मारतोय, सगळं मागून कळायचं. थापा मारणाऱ्याचे म्हणे कान हलत नाहीत, तो फार जपून बसतो. आणि आनंद झालेला माणूस?

“त्येचं कसं हाय,” आप्पा म्हणाले, “तोंडावर आनंद कुणीबी दाबतो. पण खांदं दाबता येत न्हाईत. आदी खांदं उतरत्यात. मंग मान म्होरं कलती. आन हातातला घास हातातच ऱ्हातो.”

एकाहत्तरला एक कोवळा लेफ्टनंट होता. पुढं जायच्या आधीच्या जेवणात त्यानं काहीच खाल्लं नाही, नुसतं ताटातलं इकडचं तिकडं केलं, खाल्ल्यासारखं दिसावं म्हणून. आप्पा ताट उचलायला गेले तर त्यांचं नाव घेऊन म्हणाला, ज्ञानदेव, खाना अच्छा था. नाव घेणारा तो एकटाच. मी जेवायचा थांबलो. म्हटलं, मग? परत आला?

“आला की. एकोणीस दिवसांनी. अकरा पुऱ्या खाल्ल्या.”

आणि एक मेजर होता, तो चमचा उचलायच्या आधी रोज आप्पांना जवानांच्या लंगरात पाठवायचा, सगळ्यांना वाढलंय का बघून ये म्हणून. आप्पा धावत जायचे, धावत यायचे, हो साहेब म्हणायचे, मग तो घास घ्यायचा. डाळ थंड झाली तर थंड खायचा. ते काटे-चमचे त्यानंच दिलेले, बदली होऊन जाताना. “साहेब कसा हाय ते ताटावरनं कळतं,” आप्पा म्हणायचे. “काय खाल्लं त्येच्यावरनं न्हाई. कवा खाल्लं त्येच्यावरनं.”

शिकलगार सरांना मी एवढंच सांगितलं की बंकरचं उत्तर काढून टाकायचं. सर हळहळले. सतरा ओळी होत्या त्या.

भोपाळात पहिल्या दिवशी जेवायच्या खोलीत गेलो तेव्हा मनात म्हटलं, आता परीक्षा. स्टीलच्या थाळ्या, डाळ, भात, बटाट्याची भाजी. काटे-चमचे एका टोपल्यात टाकलेले. मी मोठ्या ऐटीत काटा डाव्या हातात घेतला आणि बघतो तर केरळचा एक पोरगा मनगटापर्यंत हात बुडवून भात कालवतोय आणि पंजाबचे दोघे चपातीचे तुकडे करून भाजी उचलतायत. कुणी कुणाकडं बघत नव्हतं. साहेबांपैकी तर तिथं कुणी नव्हतंच. मी काटा परत टोपल्यात टाकला. वीस दिवसांची तयारी पाच मिनिटांत संपली.

फॉर्म भरायला दिला त्यात वडिलांचा व्यवसाय विचारला होता. मी शेती लिहिलं, आणि खाली माजी सैनिक. शेती आप्पांनी सांगितलं होतं तसंच, माजी सैनिक माझ्या मनानं.

चौथ्या दिवशी माझी मुलाखत. समोर कर्नल साहेब, पिकलेल्या मिशा, आवाज मऊ. गाव, शाळा, मार्क, ज्वारी किती पिकते, सगळं विचारून झालं. मी इंग्रजीत अडलो की ते हिंदीत यायचे. मग फॉर्मवर बोट ठेवून म्हणाले, वडील माजी सैनिक. फौजेत काय करायचे?

पायदळात होते, एवढंच सांगून भागवता आलं असतं, आणि ते खोटंही नव्हतं. जिभेवर आलंही होतं, आणि त्याच्या मागोमाग ते बंकरही सतरा ओळी घेऊन येऊन उभं राहिलं होतं. तेवढ्यात दार उघडलं आणि एक जवान साहेबांचा चहा घेऊन आला. मध्यम वयाचा, केस बारीक कापलेले. तो टेबलाला वळसा घालून साहेबांच्या डाव्या बाजूला गेला. बशी ठेवली. अंगठा काठाला लागू दिला नाही. कर्नल साहेब फॉर्मकडं बघत होते. मी त्या जवानाच्या हाताकडं बघत राहिलो, आणि मग त्याच्या तोंडाकडं बघितलं.

“वेटर होते, सर,” मी म्हणालो. “ऑफिसर्स मेसमध्ये. बावीस वर्षं.”

दारापर्यंत गेलेला जवान जरासा थबकला आणि बाहेर गेला. कर्नल साहेबांनी पेन खाली ठेवलं.

म्हणाले, बरं. मग आमच्याबद्दल काय सांगायचे ते?

असला प्रश्न शिकलगार सरांच्या पुस्तकात नव्हता. मी हिंदीत, मराठीत, सुचेल तसं सांगत सुटलो. माना सांगितल्या. ताटावरून साहेब कसा कळतो ते सांगितलं. अकरा पुऱ्या सांगितल्या, तेव्हा ते मोठ्यानं हसले. मेजर आणि लंगर सांगितलं तेव्हा हसले नाहीत. चहा निवत होता. मी बोलायचा थांबल्यावर त्यांनी एकच विचारलं.

“और वो खुद कब खाते थे?”

बावीस वर्षांच्या माना मला पाठ होत्या, कोणत्या साहेबानं किती पुऱ्या खाल्ल्या ते ठाऊक होतं. हे ठाऊक नव्हतं. घरीसुद्धा, वीस दिवस ते माझ्या मागं उभे राहिले, माझं झालं की मी उठून जायचो. त्यानंतर ते कधी जेवायचे, मी बघितलं नव्हतं.

“पता नहीं, सर. मैंने पूछा नहीं.”

त्यांनी फॉर्म बाजूला ठेवला. मग म्हणाले, “घर जाके पूछना.” मुलाखत संपली.

मी बाहेर आलो तो खात्रीनं, की गेलं आपलं. बापाबद्दलच्या साध्या प्रश्नाचं उत्तर ज्याला आलं नाही तो पोरगा काय साहेब होणार. दुसऱ्या दिवशी निकाल. आम्ही चौसष्ट जण उभे. छातीवरच्या नंबरानं हाक मारायचे, निवडले असतील त्यांनाच. सहा नंबर पुकारले. पाचवा माझा होता. केरळच्या पोरानं मला ढकललं तेव्हा मी पुढं झालो.

वैद्यकीय तपासणी उरकून आठवड्यानं गावी पोचलो. शेवटच्या यादीला अजून अवकाश होता, पण बोर्डानं निवडलं एवढं गावाला पुरे होतं. शिकलगार सरांनी माझी तार आल्या आल्या पेढे वाटले होते. एसटीतून उतरलो तर पारावर माणसं जमलेली, हार, गुलाल, सगळं. सरपंच म्हणाले, सुभेदारांनी तयारीच तशी करून घेतली. आप्पा गर्दीच्या कडेला उभे होते. माझ्या हातातली पिशवी घेतली आणि पुढं चालायला लागले.

घरी आल्यावर, ओसरीवर आम्ही तिघंच उरलो तेव्हा त्यांनी विचारलं, “फॉर्मात काय लिवलंस?”

“शेती लिहिलं. पण त्यांनी विचारलं. मी सांगितलं.”

“काय सांगितलंस?”

“वेटर होते म्हणून.”

आप्पांनी चुलीकडं बघितलं. आई भाकरी थापत होती, तिनं मान वर केली नाही. ते तिच्याकडं बघत राहिले, आणि मला वाटतं तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं, की हिला हे नवीन नाही. मग माझ्याकडं वळले.

“आन तरीबी घेतलं?”

“घेतलं.”

ते भिंतीला टेकून उभे राहिले. मी म्हटलं, आप्पा, तुम्ही मेसमध्ये कधी जेवायचा?

त्यांना प्रश्नच कळला नाही आधी. मी परत विचारलं. म्हणाले, समद्यांचं झाल्यावर. भांडी आवरल्यावर. कुठं, म्हटलं. तर म्हणाले, कुठं म्हणजे, तिथंच, मागच्या बाजूला, उभ्यानंच. बसायला वेळ कुठला.

मी ट्रंक मधोमध ओढली. विटा लावल्या, धोतर अंथरलं, ज्वारीचं पोतं आडवं केलं. काटे-चमचे मांडले आणि त्यांना म्हटलं, “बसा.”

ते हसले. म्हणाले, येडा का खुळा तू, आधी तू जेव, लांबनं आलायस. मी त्यांच्या खांद्यावरचा पंचा काढून माझ्या खांद्यावर टाकला. आईनं चुलीपुढूनच सांगितलं, “बसा म्हणतोय तर बसा की. साहेबाचा हुकूम हाय.”

आप्पा बसले. ताठ, समोर बघत. मी आईकडून ताट घेतलं. भाकरी, वांग्याचं भरीत, मटकीची आमटी, कांदा. अंगठा लागू दिला नाही. पंच्याच्या टोकानं काठ पुसला. डाव्या बाजूनं गेलो आणि ताट समोर ठेवलं. त्यांनी काट्याकडं एकदा बघितलं, तो बाजूला सारला आणि हातानं भाकरी मोडली. मी मागं जाऊन उभा राहिलो.

एवढ्या जवळून आणि एवढा वेळ मी त्यांची मान कधी बघितली नव्हती. उन्हानं रापलेली, आडव्या सुरकुत्या, कानामागं पांढरे केस. साहेब मागं वळून बघत नाहीत, म्हणून तेही वळले नाहीत. जरा वेळानं त्यांचे खांदे उतरले. मग मान पुढं कलली. भाकरीचा घास हातातच राहिला होता.

आईनं तव्यावरची भाकरी उलटली आणि विचारलं, “कसं झालंय भरीत?”

आप्पा काही बोलेनात. ती परत विचारायला लागली तेव्हा मीच मागनं सांगितलं, “आवडलंय त्यांना.”